जास्वंदीसमोर दहा मिनिटे

मी छत्तीस वर्षे तालुक्याच्या गावी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवले. त्यांतली पहिली अकरा वर्षे मी जास्वंद शिकवीत होतो, पण ती पाहिली मात्र नव्हती, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटले. आणि ते ज्या दिवशी वाटले, त्या दिवसाची ही हकीकत आहे.

साल १९९४. एफ. वाय. बी.एस्सी.चे प्रात्यक्षिक. आमच्याकडे जर्नले वारसाहक्काने चालत. वरच्या वर्गातल्या मुलाचे जर्नल खालच्या वर्गातल्या मुलाकडे येई आणि आकृत्या त्यावरून सुबक उतरत. समोर बशीत ठेवलेले फूल हे केवळ साक्षीदार! त्याची साक्ष कोणी काढीत नसे.

जास्वंदीच्या हिरव्या पेल्याखाली बारीक हिरव्या पातींचे आणखी एक कडे असते. त्याला एपिकॅलिक्स म्हणतात. पाकळ्या पाच, पेल्याचे दातेही पाच. तेव्हा या पातीही पाचच असणार, असा सर्व जर्नलांचा समज होता. तो माझाही होता. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने सात काढल्या. मी तांबड्या शाईने फुली मारली आणि पुढे गेलो.

आठवड्याने तेच पान पुन्हा माझ्यापुढे आले. आता पाती पाच होत्या. रबराने घासून घासून कागद अगदी पातळ झाला होता.

"आता कळलं ना?" मी सही करता करता विचारले.

"कळलं नाही सर," ती खाली मान घालून म्हणाली, "पण पुसलं."

पेन हातातच राहिले. मी विचारले, "मग सात कुठून आणल्या होत्यास?"

"आमच्या अंगणात झाड आहे. गणपतीला रोज मीच तोडते. त्या दिवशी मोजल्या होत्या."

मी तिला जायला सांगितले आणि कॉलेजच्या कुंपणाशी असलेल्या जास्वंदीकडे गेलो. पहिल्या फुलाला पाती सात. दुसऱ्याला सहा. तिसऱ्याला पुन्हा सात. पाच एकालाही नाहीत! मी तिथे उभा होतो आणि शिपाई माझ्याकडे काळजीने पाहत होता. चूक एका आकड्याची असती तर ती सहज दुरुस्त करता आली असती. पण एका मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले माझ्या शब्दाखातर पुसून टाकले होते, आणि त्यालाच मी शिक्षण म्हणत होतो. हे कशाने दुरुस्त करायचे?

पुढच्या तासाला मी वर्गापुढे चूक कबूल केली. तिच्या जर्नलात तिच्याकडून पुन्हा सात पाती काढून घेतल्या. त्या विरलेल्या कागदावर पेन्सिल जपून चालवावी लागली. मग प्रत्येकाच्या हातात एकेक फूल दिले आणि सांगितले, "दहा मिनिटं पेन्सिल नाही, पुस्तक नाही, बोलणं नाही. आधी दोन मिनिटं डोळे मिटून नुसतं बसा. मग फुलाकडे पाहा."

पहिली तीन मिनिटे खोकल्यात आणि हसण्यात गेली. पुढची दोन कंटाळ्यात. त्यानंतर मात्र पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. एकाला परागांच्या नळीतून बाहेर डोकावणारे पाच तांबडे ठिपके दिसले. एकीला देठावरची लव दिसली. एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, हे मिटायला लागलंय." जास्वंदीचे फूल बहुधा एका दिवसाचे असते, हे त्याने पुस्तकात वाचले होते, आज ते त्याच्या तळहातावर घडत होते.

यात माझे काही नवे नव्हते. हार्वर्डमध्ये लुई आगासी नवख्या विद्यार्थ्यापुढे एक मासा ठेवून त्याला दिवसच्या दिवस नुसते पाहायला लावीत, ते मी नंतर वाचले. भटकलेले लक्ष पुन्हा पुन्हा जागेवर आणण्याची शक्ती वाढवील ते शिक्षण श्रेष्ठ, असे विल्यम जेम्स १८९० साली लिहून गेले होते. आणि हे सांगणे सोपे, ते कसे साधावे हे सांगणे अवघड, अशी कबुलीही त्यांनीच दिली होती. आमच्याच राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात शिक्षणसंस्थांचे काम काही मिनिटांच्या मौन चिंतनाने सुरू व्हावे, अशी शिफारस केली होती. तो अहवाल आमच्या ग्रंथालयात होता. पाने कापलेली नव्हती!

अडचणी आल्याच. एक सहकारी म्हणाले, "अहो, पोर्शन कोण संपवणार?" त्यांचे खरे होते, मला शनिवारी जादा तास घ्यावे लागले. एका मुसलमान विद्यार्थ्याने विचारले, "सर, डोळे मिटायचे म्हणजे ही प्रार्थना आहे का? घरी विचारतात." प्रश्न सरळ होता. कोणावर उपासनेची सक्ती करू नये, हे आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमातच आहे. मी म्हटले, "डोळे उघडे ठेव, खिडकीबाहेर पाहा, नाहीतर दोन मिनिटं उशिरा ये." तो वर्षभर उघड्या डोळ्यांनी बसला. आणखी एका वर्षी, नुकतेच वडील गेलेली एक मुलगी डोळे मिटताच रडू लागली. शांतता सगळ्यांना सारखी मानवत नाही, हे तिच्यामुळे कळले. तेव्हापासून डोळे मिटणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठेवले.

निकालात काही फार फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. फरक पडला तो जर्नलांत. पूर्वी बत्तीस जर्नलांत एकच जास्वंद असे. आता बत्तीस जास्वंदी दिसू लागल्या. काही वाकड्या, एक किडीने खाल्लेली. तपासायला वेळ दुप्पट लागे, पण कंटाळा येईनासा झाला.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात समग्र शिक्षणाची भाषा आहे. ते येण्याच्या आदल्या वर्षीच मी निवृत्त झालो होतो. शब्द चांगला आहे. माझ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की मुलीचे अंगण आणि तिचे जर्नल यांच्यामध्ये मास्तराने रबर घेऊन उभे राहू नये.

आता रोज सकाळी गणपतीसाठी फूल मीच तोडतो. तोडण्याआधी देठाशी पाहतो आणि मोजतो. आज सहा होत्या.