यवत-लोहारा

माणसाने घर बांधावे, पण पत्त्याच्या भानगडीत पडू नये. मी पडलो आणि चांगलाच फजीत पावलो.

दारव्हा रस्त्याने यवतमाळ मागे टाकले की तीनेक मैलांवर लोहारा, असे जुने लोक सांगत. आता यवतमाळ मागे पडतच नाही. लोहारा नगरपरिषदेच्या हद्दीत आले, वावरांचे प्लॉट झाले आणि त्यांतल्याच एकावर आमचे बिऱ्हाड थाटले गेले. कॉलनीतल्या मंडळींना वाटले, पत्त्यात हे खेडवळ नाव कशाला? कमानीवर कॉलनीचे नाव आणि खाली 'यवतमाळ', एवढे पुरे. अर्ज लिहायला अर्थातच मराठीचा प्राध्यापक! मीही तो ऐटीत लिहून दिला.

तो घेऊन निघालो, तर फाटकाशी दूध घालणारे काका भेटले. आमची कॉलनी त्यांच्याच वावरावर उभी आहे. सारे ऐकून घेऊन ते एवढेच म्हणाले, "सर, वावर तं गेलंच, आता नावबी नेता काय?"

अर्ज खिशातच राहिला. रात्री जुने गॅझेटियर काढले. यवतमाळ म्हणजे यवताचा माळ, असे मी वर्गात बेधडक सांगत आलो होतो. गाव पठारावर, तेव्हा शंका येणार कुणाला? गॅझेटियर म्हणते, हा 'माळ' म्हणजे 'महाल'चा अपभ्रंश. महाल म्हणजे परगणा. आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने लिहिलेल्या 'ऐन-इ-अकबरी'त यवताची नोंद आहे ती लोहाऱ्यासह : 'योत-लोहारा'!

ज्याला आम्ही उपनगर म्हणून नाक मुरडत होतो, ते अकबराच्या दप्तरात शहराच्या मांडीला मांडी लावून बसले होते. जिल्ह्याला 'यवतमाळ' हे नाव मिळाले ते तर १९०५ साली. त्याआधी तो वणी जिल्हा होता.

लोहारा म्हणताच भाता आणि ऐरण आठवतात खरी. पण 'माळा'वर एकदा घसरल्यापासून मी व्युत्पत्ती जपूनच सांगतो.

कॉलनीच्या बैठकीत अर्जाऐवजी गॅझेटियर वाचले. थोडी कुरकूर झाली, पण कमानीवर 'लोहारा, यवतमाळ' अशी अक्षरे उमटली. काकांनी ती वाचली, काही न बोलता माप काढले आणि दुधावर वरकड ओतली.