माफी कुणाची मागायची?

दादरच्या उडुपी हॉटेलात बेसिनपाशी उभा होतो. पांढरा शर्ट, काळी पँट. मागून एक गृहस्थ खेकसले, "ए, टेबल पूस लवकर!" म्हटलं, "मीही जेवायलाच आलोय." लगेच "सॉरी हं सर!" आणि दुसऱ्याच क्षणी तेच खेकसणं खऱ्या पोऱ्यावर. त्याच्या एका हातात उष्ट्या वाट्यांची चळत, दुसऱ्यात ओलं फडकं, बोटं पाण्यानं पांढरीफटक पडलेली. मला वेटर समजले याचं काहीच वाटलं नाही. माफी फक्त मला मिळाली, याचा संताप आला. दिवसभर अशा हॉटेलांत राबून रात्रशाळेत शिकलेल्या पोरांनी या मुंबईत संसार उभे केलेत. न राहवून बोललो, "त्याच्याशीही नीट बोला." गृहस्थ तोंड वाकडं करून मेनूकार्ड चाळू लागले. चाळू देत. पुन्हा दिसलं तर पुन्हा बोलेन.