किल्ला आणि होडी



किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ग्वाल्हेरचा दगडी तट येतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातला फोर्ट क्लॅटसप मात्र लाकडाचा. लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीने १८०५-०६ चा हिवाळा तेथे पावसात काढला. मूळ किल्ला कुजून गेला. १९५५ मध्ये त्याची प्रतिकृती बांधली. ती २००५ मध्ये जळाली व पुढच्याच वर्षी स्वयंसेवकांच्या मदतीने पुन्हा उभी राहिली.

परतताना या तुकडीने तेथील मूळ रहिवाशांची एक होडी चोरली होती. २०११ मध्ये क्लार्कच्या वंशजांनी चिनूक लोकांना नवी होडी दिली. इतिहासाच्या तासाला आम्ही शूरांचे साहस शिकवतो. ही होडीही शिकवली पाहिजे, असे आम्हांस वाटते.