डबीतला मॅराडोना

कोल्हापुरात ‘कस’ हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. गुजरीत पाटल्या मोडायला गेलेल्या आजीलाही तो ठाऊक असतो आणि तालमीत घाम गाळणाऱ्या पोरालाही. माझं तर पोटच त्या शब्दावर चालतं. मी हॉलमार्किंग सेंटरमध्ये काम करते. सराफांकडून आलेला दागिना आधी एक्सआरएफ यंत्राखाली जातो. मग कणभर नमुना खरवडायचा, त्यात चांदी घालायची, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत ठेवायचा. शिसं आणि तांब्यासारखे धातू सच्छिद्र वाटीत जिरून जातात, चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळते आणि मागं उरतं ते सोनं. त्याचं वजन करायचं. माझा मूड कसा आहे, सराफ ओळखीचा आहे का, याचा त्या वजनाशी काही संबंध नसतो. उद्या दुसऱ्या कुणी तीच तपासणी केली तरी आकडा जवळपास तोच येणार.

हे सगळं आधी सांगितलं, कारण माझ्या आत्येभावाला ‘तपासलेलं आहे’ एवढ्या दोन शब्दांचा फार भरवसा वाटतो, आणि ती सवय बहुतेक आमच्या घरानंच त्याला लावली.

तो तेवीस वर्षांचा. राजारामपुरीच्या मेन रोडवर, जनता बाजार चौकापासून जवळच, मोबाइलच्या दुकानात काम करतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडीलची मॅच असली की दुकानात नसतो. वर्ल्ड कपच्या वर्षी कोल्हापुरात ब्राझील की अर्जेंटिना यावरून गल्ल्या वाटल्या जातात, हे बाहेरच्यांना अजूनही खोटं वाटतं. आमच्या गल्लीतला अर्जेंटिनाचा झेंडा तोच बांधतो. तर हा पोरगा एका संध्याकाळी फोन पुढं करून म्हणाला, “ताई, हे बघ. मॅराडोना. नऊ आलाय!”

फोटोत प्लॅस्टिकची जाड, सीलबंद डबी होती. आत एक स्टिकर, वर लेबल, लेबलवर आकडा ९. इटलीच्या मोदेना शहरातल्या पानिनी कंपनीनं १९७९-८० च्या हंगामासाठी काढलेल्या अल्बममधलं ३१२ नंबरचं स्टिकर. अर्जेंटिनाच्या जर्सीतला कोवळा मॅराडोना. संग्राहक याला त्याचं ‘रूकी’ मानतात, म्हणून त्याच्यामागं जग वेडं आहे. विकणारा पुण्याचा. किंमत पंच्याऐंशी हजार. “पीएसएच्या डबीत हेच चार लाखाला जाईल,” असं विकणाऱ्यानंच त्याला सांगितलं होतं. पंच्याऐंशीपैकी निम्मे याचे साठवलेले, निम्मे आत्याच्या भिशीचे. आत्याला सांगितलं होतं, दुकानासाठी माल भरायचाय.

डबीवरचं कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. इथंही लिहीत नाही.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जुनं कार्ड कंपनीकडे पाठवायचं. ते चार गोष्टी बघतात: चित्र मध्यभागी आलंय का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. खरं आहे ना, कापलंय का, रंग भरलाय का, हेही बघतात. मग एक ते दहा असा आकडा देऊन डबीत बंद करतात. पीएसए १९९१ पासून हे करते, पुढं एसजीसी, बेकेट आल्या, कॉमिक्सवाली सीजीसीही या धंद्यात उतरली. त्यांच्याशिवाय डझनभर छोट्या कंपन्या आहेत. कायद्यानं कुणालाच अडवलेलं नाही. रिकाम्या डब्या ऑनलाइन मिळतात, लेबल प्रिंटरवर निघतं. म्हणजे नवव्या गल्लीतली एक खोली भाड्यानं घेऊन उद्या मीही ‘कंपनी’ काढू शकते.

आमच्या धंद्यातही हे होऊन गेलंय. हॉलमार्क सक्तीचा नव्हता तेव्हा ‘९१६’ चा शिक्का कुणीही मारायचा. ‘केडीएम सोनं’ म्हणून लोक अभिमानानं दागिने दाखवायचे. केडीएम म्हणजे सांधा झाळायला वापरलेलं कॅडमियम. सोनं किती शुद्ध आहे ते त्या तीन अक्षरांतून कळतच नाही. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्ती आली, एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी लागतो, आणि तो बीआयएसच्या ॲपमध्ये टाकला की सराफ कोण, तपासलं कुठं, हे दिसतं. पण माझ्या मते यातलं सगळ्यात मोलाचं कलम लोकांना माहीतच नसतं. हॉलमार्क असूनही कस कमी निघाला, तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि वर तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळतो. शिक्क्याला किंमत आहे ती या कलमामुळं. चूक झाली तर कुणाच्या तरी खिशातून पैसे जातात.

कार्डाच्या जगात हे थोडंफार मोठ्या कंपन्यांकडे सापडतं. पीएसए अटी घालून का होईना, पण आकडा चुकला तर आर्थिक हमी देते. कोणत्या कार्डाला कोणता आकडा किती वेळा दिला याची नोंद जाहीर ठेवते. म्हणून ती धुतल्या तांदळासारखी आहे असं मात्र नाही. तिनं तपासलेलं पहिलंच गाजलेलं कार्ड घ्या. होनस वॅगनर हा अमेरिकन बेसबॉलपटू. १९०९ ते १९११ मध्ये सिगारेटच्या पाकिटातून त्याची कार्डं यायची. एक कार्ड १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदारानं ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. पीएसएनं त्याला ८ दिले. कडा इतक्या सरळ कशा, ही कुजबुज वर्षानुवर्षं चालली. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला विकलं गेलं. शेवटी २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या बड्या लिलावदारानं कोर्टासमोर मान्य केलं की कडा त्यानंच कापल्या होत्या. लिलावांतल्या फसवणुकीसाठी तो पुढं तुरुंगातही गेला.

हे ऐकून आत्येभाऊ खूश झाला. “म्हणजे पीएसएपण तसलीच की! मग हिच्यात काय वाईट?”

प्रश्न बरोबर होता. पीएसएचा आकडा हेही शेवटी मतच, भट्टीतून निघालेलं वजन नव्हे. तेच कार्ड डबी फोडून पुन्हा पाठवलं तर कधी वेगळा आकडा येतो. फक्त त्या मताला जगभर गिऱ्हाईक आहे. आणि इथंच खरी मेख आहे.

मी त्याला कागदावर हिशोब मांडून दिला. समज, हे स्टिकर खरोखर नऊचं आहे. मग पुण्याच्या या माणसानं काय करावं? डबी फोडावी, स्टिकर पीएसएकडे पाठवावं. फी, येण्याजाण्याचं कुरियर, विमा, कस्टम धरून पन्नास हजार गेले असं धर. हातात चार लाखाचा माल. विकणाऱ्याला हे सगळं ठाऊक आहे, चार लाखाचा आकडा त्यानंच तुला सांगितला. मग तो अडीच लाखांहून जास्त रकमेवर पाणी सोडून राजारामपुरीतल्या पोरावर उपकार का करतोय?

तो गप्प बसला. मग म्हणाला, “त्याला पैशाची नड असेल.”

असेलही. पण नड त्याच्या एकट्याचीच नाही. अशा डब्यांतली बरी कार्डं कुणी ना कुणी आधीच फोडून मोठ्या कंपनीकडे नेलेली असतात, कारण नेण्यात फायदा आहे. मागं राहतात ती नेऊन परत आलेली किंवा न्यायची हिंमत न झालेली: कडा कापलेली, कोपऱ्याला रंग लावलेली, नाहीतर चक्क नव्यानं छापलेली. म्हणजे ती छोटी कंपनी प्रामाणिक असली, नुसती सैल हातानं आकडे देणारी असली, तरी बाजारात तिच्या डब्यांत गाळच जास्त दिसणार. बाजार समितीत दुपारी दोनला उरलेली मेथी बघा. सकाळी तीही चांगल्या जुडीतच होती.

“मग तूच तपास ना,” हे तो म्हणणार होताच. माझ्याकडे लूप आहे, नोटा बघायचा यूव्ही दिवा आहे. पण यूव्हीचा इथं उपयोग नाही. कागद पांढरा दिसण्यासाठी घालतात ती चमकणारी द्रव्यं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आली, त्यामुळं १९३० सालचं म्हणून विकलेलं कार्ड दिव्याखाली निळं पेटलं तर संशय घ्यावा. १९७९ च्या कागदाचं काय? पेटलं तरी खरं असू शकतं, नाही पेटलं तरी खोटं. लूपखाली छपाईचे ठिपके बघता येतात. जुन्या ऑफसेटचे ठिपके ठरावीक नक्षीत बसतात, घरच्या इंकजेटचे फवाऱ्यासारखे विखुरतात. ते डबीतूनही दिसतात. पण कापलेली कड ओळखायची तर मोजपट्टी लावावी लागते, बोटानं चाचपावं लागतं, आणि डबी नेमकी तिथंच आडवी येते. लेबलवरचा नंबर वेबसाइटवर टाकून सापडला म्हणजे झालं, असंही नाही. खऱ्या डबीचा नंबर उचलून खोट्या डबीवर छापता येतो, आणि हे तर पीएसएच्या नावानंही चालतं. निदान वेबसाइटवर त्या डबीचा फोटो असेल तर चित्र किती सरकलंय, कुठं डाग आहे, हे हातातल्याशी ताडून बघावं. या कंपनीच्या वेबसाइटवर फोटो नव्हता. आम्ही बघितलं.

मग त्यानं विकणाऱ्याला मेसेज केला. मजकूर मी सांगितला, टाइप त्यानं केला: आधी पीएसएकडे पाठवा, निम्मा खर्च माझा, सहा किंवा वर आला तर तुम्ही म्हणाल ती किंमत. उत्तर पाच मिनिटांत आलं. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं. दोन दिवसांनी त्याच माणसानं स्वतःहून साठ हजार केले. आठवड्यानं पंचेचाळीस.

मला वाटलं, भाव असा घसरताना बघून याचा नाद सुटेल. उलटंच झालं. पंच्याऐंशीचं पंचेचाळीसला मिळतंय म्हणजे चाळीस वाचले, असा त्याचा हिशोब. “डबी नसती, नुसतं स्टिकर कुणी पंचेचाळीसला दिलं असतं, तर घेतलं असतंस?” मी विचारलं.

“नुसतं? खुळी आहेस काय.”

भिशीचे पैसे आत्यानं परत मागून घेतले. तिला माल कसला ते कळलं, कुणाकडून ते मी सांगत नाही. त्याचे स्वतःचे बेचाळीस हजार अजून त्याच्याकडेच आहेत, आणि ते त्याचे आहेत. येत्या रविवारी तो पुण्याला स्टिकर बघायला निघालाय. लूप घेऊन मी बरोबर जाणार आहे.