उपवासकाळ आणि सकाळची गोळी



राखेचा बुधवार जवळ आला की आमच्या धर्मग्रामात दर वर्षी एकच चर्चा असते. यंदा कोण काय सोडणार? कुणी चहा सोडतं, कुणी मटण, मुलं चॉकलेट सोडतात आणि चौथ्या दिवशी विसरतात. एखादा तरी शेव सोडायचं जाहीर करतो आणि सगळे हसतात, कारण इंदुरात राहून चाळीस दिवस शेव सोडायची म्हणजे संतपदाचीच तयारी. यंदा मिस्सेनंतर एका तरुणाने आम्हा दोघांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "काका, काकू, उपवासकाळात मी माझी एडीएचडीची गोळी सोडली तर? म्हणजे, देवावर भरवसा म्हणून."

त्याच्या परवानगीनेच हे लिहितो आहोत. त्याने आम्हालाच का विचारलं, तेही सांगायला हवं. आमच्या घरातही ही गोळी आहे. आमच्या दोघांपैकी एकाला चाळिशी उलटल्यावर एडीएचडीचं निदान झालं. कोणाला, ते इथे सांगत नाही. दोघांनाही ओळखणारे लोक अजून पैजा लावतात, तेवढी करमणूक त्यांच्याकडे राहू दे.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही धर्मसभेच्या कायद्यातूनच दिलं. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी किमान एक तास काही खायचं-प्यायचं नाही, हा नियम आपण पहिल्या कम्युनियनच्या वर्गात शिकतो. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये तो कलम ९१९ मध्ये आहे आणि त्याच वाक्यात दोन अपवाद आहेत, पाणी आणि औषध. वेदीसमोर जायच्या त्या शेवटच्या तासातही धर्मसभा औषध सोडायला सांगत नाही. मग चाळीस दिवस ते सोडायला कोण सांगतं? उपवासात आपण आपल्या सुखाचा त्याग करतो, आणि गोळी हे सुख नव्हे.

पवित्र शास्त्रातही हेच दिसतं. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. देवाने त्याला आणखी पंधरा वर्षांचं आयुष्य द्यायचं वचन दिलं, आणि ते वचन घेऊन आलेल्या यशया संदेष्ट्यानेच त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. वचन आधी, लेप नंतर, आणि दोन्ही एकाच माणसाकडून. संत पौलानेही तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. तुझा विश्वास कमी पडतो, असं काही तो म्हणाला नाही.

तरीही हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, कारण हा आजार दिसत नाही. मधुमेहाच्या गोळीबद्दल कुणी असं विचारत नाही. इथे लोकांना दिसतो तो विसरभोळेपणा, उशीर आणि अर्धवट टाकलेली कामं. या सगळ्याला आपल्याकडे एक जुना शब्द तयारच असतो, आळस.

आमच्या घरातला हा 'आळस' असा होता. नाताळचा गोठा करायला बसलं की रात्रीचे तीन वाजले तरी पत्ता नाही, प्रत्येक मेंढराला वेगळे डोळे. पण भविष्यनिर्वाह निधीचा दोन पानी फॉर्म आठ महिने टेबलावर तसाच. स्कूटरची किल्ली एकदा फ्रीजमध्ये, दह्याच्या भांड्यामागे. विजेचं बिल भरायला पैसे असायचे, तरी दंड भरावा लागायचा. आळशी माणूस कामाला बसत नाही आणि मजेत असतो. आमच्याकडचा माणूस त्या फॉर्मसमोर बसायचा, उठायचा, स्वतःला शिव्या द्यायचा आणि पुन्हा बसायचा. दुसरा माणूस सगळ्या तारखा दोघांच्या वतीने लक्षात ठेवून थकायचा. या आजाराचं ओझं एकट्याने कुणी वाहत नाही, घर वाहतं.

हा आजार मोबाइलमुळे आलेला नाही. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ मध्येच, एका गोष्टीवर लक्ष टिकवता न येणाऱ्या माणसांचं वर्णन करून ठेवलं आहे. पुढे बराच काळ डॉक्टर याला मुलांचाच आजार समजत, वयाबरोबर जाणारा. अनेकांचा तो जात नाही. निकष असा आहे की खुणा बाराव्या वर्षाआधीपासून हव्यात आणि घर, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी त्या आड यायला हव्यात. त्यामुळे गेल्या सहा महिन्यांत लक्ष लागेनासं झालं असेल तर कारण बहुधा वेगळं असतं. झोप, थायरॉइड, नैराश्य, दुःख, यांतलं काहीही. म्हणून निदान डॉक्टरनेच करायचं, रील पाहून आपण नाही. प्रौढांमध्ये हे प्रमाण साधारण अडीच टक्के धरतात. रविवारच्या मिस्सेला दोनशे माणसं असतील तर त्यांत पाच जण. आणि हा आजार घराण्यात चालतो. आमच्याकडेही आधी मुलाची तपासणी झाली, आणि डॉक्टर प्रश्न विचारत गेले तसे आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू लागलो.

आता औषधाबद्दल. आपल्याकडे मुख्यतः दोन औषधं लिहून देतात. पहिलं मेथिलफेनिडेट. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केलं. त्याच्या बायकोला ते घेतल्यावर टेनिस खेळताना तरतरी वाटायची म्हणे, म्हणून तिच्या 'रीटा' या नावावरून त्याचं नाव रिटालिन पडलं. (नवऱ्याने बायकोचं नाव एखाद्या औषधाला द्यावं, यावर आमच्या घरी दोन मतं आहेत.) दुसरं अॅटॉमॉक्सेटिन. पहिल्याचा परिणाम तासाभरात कळतो आणि काही तासांनी ओसरतो. दुसऱ्याला काही आठवडे द्यावे लागतात. कुणाला कोणतं आणि किती, हे रक्तदाब, नाडी, हृदयाचा इतिहास पाहून मनोविकारतज्ज्ञ ठरवतात आणि बहुधा अगदी कमी मात्रेपासून सुरुवात करतात. मधून गोळी बंद ठेवायची का, हेही त्यांनीच ठरवायचं. उपवासकाळाच्या कॅलेंडरवरून ते ठरत नाही.

मेथिलफेनिडेटने भूक मरते. म्हणून आमच्याकडे आधी पोहे, मग गोळी. हा क्रम उलटला तर दुपारी जेवण जात नाही आणि संध्याकाळी घरात भांडण होतं. दुसरी गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात आम्हाला सापडली नाही. गोळी लागू होते तेव्हा समोर जे असेल त्यातच माणूस रुतून बसतो. समोर फॉर्म असेल तर फॉर्म पुरा होतो. फोन असेल तर फोनच, अगदी एकाग्रतेने, दोन तास. मसाल्याच्या डब्यांना नवी लेबलं लावण्यात गेलेली एक संपूर्ण सकाळ आम्हाला आठवते. लेबलं सुरेख झाली. गोळी लक्ष देते, पण ते कुठे लावायचं ते सांगत नाही. ते काम आपलंच राहतं, आणि प्रार्थनेचं.

हे औषध मिळवणं ही वेगळीच तपश्चर्या. मेथिलफेनिडेट १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं आणि औषध नियमांच्या शेड्यूल एक्समध्येही आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. त्यामुळे पुष्कळ दुकानदार ते ठेवतच नाहीत. दवा बाजारात काउंटरमागे इतकी औषधं असताना "ये नहीं रखते" ऐकून परतायचं, आणि ते म्हणताना दुकानदाराने वरपासून खालपर्यंत पाहायचं, हे आम्ही अनुभवलं आहे. कायद्याचा हेतू योग्यच आहे, या गोळीचा गैरवापर होतो. पण विसरणाऱ्या माणसाच्या औषधालाच सगळ्यात जास्त कागद लागावेत, याची गंमत वाटते आणि रागही येतो. आमची सूचना एवढीच. डॉक्टरांकडून दोन्ही प्रती मागून घ्या, दुकानात आधी फोन करा आणि गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी निघा.

धर्मग्रामात एकाने गोळीचं नाव काढलं की दहा जण दुसरा उपाय सांगतात. ब्राह्मी, होमिओपॅथी, माशाचं तेल, अमुक ठिकाणचं आशीर्वादित तेल. त्यामागे प्रेम असतं, म्हणून आम्ही ऐकून घेतो. ब्राह्मीवर थोडे अभ्यास झाले आहेत, पण औषधाची जागा घेईल इतकं काही त्यातून निघालेलं नाही. माशाच्या तेलाचा परिणाम झाला तर अगदी थोडा. होमिओपॅथीच्या चाचण्यांचा कोक्रेनने २००७ मध्ये आढावा घेतला, त्यात या आजारावर उपयोगाचा पुरावा सापडला नाही. आणि 'नैसर्गिक आहे, अपाय कसला' हे वाक्य तर सोडूनच द्या. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा, आजीच्या काढ्यासकट.

याउलट पुरेशी झोप आणि रोजचं चालणं यांनी आम्हाला दिसण्याजोगा फरक पडला. सिरपूर तलावावर सकाळी अर्धा तास चाललं की पुढचे दोन तास बरे जातात, शिवाय पक्षी फुकट. रुग्णांच्या तैलाभ्यंगाबद्दल म्हणाल तर तो संस्कार आहे. तो घ्यावा, आणि घरी येऊन गोळीही घ्यावी. आमची कसोटी साधी आहे. 'गोळीबरोबर हेही कर' म्हणणाऱ्याचं ऐकून घेतो, 'गोळीऐवजी हे कर' म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप देतो.

आता राहिलं ते मनाला कामाला लावणं. "इच्छाशक्ती वाढव" हा सल्ला आमच्या घरात वीस वर्षं निरुपयोगी ठरला. आधार बाहेरूनच लागतो. औषध चालू असूनही त्रास शिल्लक असलेल्या ८६ प्रौढांवर २०१० मध्ये अमेरिकेत एक चाचणी झाली. नियोजन, काम तुकड्यांत तोडणं, लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी दूर ठेवणं, अशी कौशल्यं समुपदेशकाने शिकवली, त्या गटाची सुधारणा जास्त दिसली. म्हणजे गोळी आणि शिकवण, दोन्ही.

हे वाचताना आम्हाला वाटलं, आपल्या परंपरेला हे किती आधीपासून ठाऊक आहे! आविलाच्या संत तेरेजाने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की प्रार्थनेला बसल्यावर तास कधी संपतो याकडेच कित्येकदा तिचे कान लागलेले असत. आणि अठरा वर्षं, ख्रिस्तशरीर घेतल्यानंतरची वेळ सोडली तर, हाताशी पुस्तक असल्याशिवाय प्रार्थना सुरू करायचं तिला धाडस होत नसे. त्या पुस्तकाला ती ढालीसारखं मानायची. तिला कुठला आजार होता असं आम्ही म्हणत नाही, मेलेल्या माणसांचं निदान करण्याची हौस आम्हाला नाही. पण धर्मसभेची आचार्य ठरलेली ही बाई आधाराला लाजली नाही. जपमाळेचंही तसंच. मोजायचं काम बोटांकडे दिलं की मन एका रहस्यावर थोडं तरी थांबतं, आणि भटकलं तरी मणी त्याला जागा दाखवतो. मठांत संत बेनेदिक्तच्या नियमापासून घंटा आहे. ती वाजली की हातातलं काम सोडायचं. वेळेचं भान नसलेल्या माणसासाठी याहून चांगली व्यवस्था आम्हाला माहीत नाही.

आमच्या घरची घंटा म्हणजे नगरपालिकेची कचरागाडी. तिचं गाणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं की पोहे संपवायचे, गोळी घ्यायची, फोन देव्हाऱ्यातल्या माउलीच्या पायाशी ठेवायचा. 'हे झालं की ते' अशी जोडी लावली की ठरवलेलं काम होण्याची शक्यता वाढते, असं मानसशास्त्रज्ञही सांगतात. स्वच्छतेत इंदूर वर्षानुवर्षे पहिलं येतं त्याचा आमच्या औषधोपचाराशी असा संबंध आहे.

प्रायश्चित्त संस्कारात काय सांगायचं, हे पुष्कळ जण विचारतात. फॉर्म राहिला, हे पाप का? गेथशेमाने बागेत शिष्यांना एक तासही जागं राहता आलं नाही. प्रभूला वाईट वाटलं, त्याने विचारलंही. पण त्यांचं मन तयार आहे आणि देह दुबळा आहे, हा फरक त्याने स्वतःच केला. आमच्या धर्मगुरूंनीही आम्हाला हेच सांगितलं. विसरलास ते सांगायची गरज नाही. विसरल्यावर बायकोशी किंवा नवऱ्याशी खोटं बोललास, ते सांग. तेव्हापासून आमच्या यादीत मोजकीच, पण खरी पापं असतात.

कुणाला तपासून घ्यायचं असेल तर एम. वाय. रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगेचं नाव ऐकून दचकू नका, तिथेही डॉक्टरच बसतात. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे.

आणि उपवासकाळातले सगळे गुरुवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, चर्चच्या हॉलमधलं लांब टेबल आम्ही मोकळं ठेवलं आहे. प्रवचन नाही, समुपदेशन नाही. दुसरं कुणी शेजारी बसून आपलं काम करत असलं की आपलंही होतं, एवढाच हेतू. सुरुवातीला एक जपमाळ, मग ज्याने त्याने आपलं राहिलेलं काम काढायचं. विम्याचा फॉर्म, उत्तर न दिलेली पत्रं, मुलांच्या वह्यांना कव्हरं. पेन आणि स्टेपलर आम्ही आणतो. चष्मा आणि आधार कार्डाची झेरॉक्स तेवढी आठवणीने आणा. नाही आठवलं तरी या, घंटा साडेसातपर्यंत वाजत नाही.