न भिजणारी माती

पुण्यामुंबईच्या माणसाला गोंदिया ठाऊक असते ते आगगाडीच्या पाटीवरून. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस सारा मुलूख पालथा घालून जिथे एकदाची टेकते, ते गोंदिया. रात्री पुण्याला बसलेला माणूस दुसरा दिवस संपत आला तरी महाराष्ट्रातच असतो! नागपूर मागे पडले की खिडकीतली काळी राने सरतात आणि भाताच्या बांध्या सुरू होतात. फलाटावर उतरावे तो कानावर मराठी, हिंदी, छत्तीसगढी असा त्रिवेणी संगम. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा निघालेला हा जिल्हा. तांदूळ, विडी आणि तलाव यांचा.

मी जातो तो मात्र मावशीसाठी. काका रेल्वेत होते. नोकरी संपली तरी दोघे तिथेच रमली. तीन वर्षांपूर्वी काका गेले. जाण्याआधीच्या पावसाळ्यात त्यांनी सार्वजनिक बागेत, रोज संध्याकाळी बसायच्या बाकड्याशेजारी, माळ्याच्या संमतीने एक बकुळ लावली होती. मावशीचा नेम असा, की संध्याकाळी बरणीभर पाणी घेऊन जायचे, बकुळीला घालायचे, घटकाभर बसायचे आणि परतायचे.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस गेलो तेव्हा बकुळीची पाने कडेने करपली होती. शेंडा मान टाकल्यासारखा. मावशी काही बोलली नाही. नुसती पानावरून बोट फिरवत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

मी शहाणा माणूस. म्हटले, “मावशी, या उन्हात एवढ्याशा बरणीने काय होणार? बादल्या ओतायला हव्यात.” आणि नळावरून दोन बादल्या आणून बुंध्याशी रित्या केल्या. पाणी क्षणभर उभे राहिले, मग चकाकत निघाले ते थेट पायवाटेवर. बाकड्यावरच्या एका गृहस्थांनी जोडे वर उचलून घेतले.

म्हातारा माळी बघत होता. म्हणाला, “कितीबी ओता जी, इथची माती पानीच पीत नाही.” त्याने खुरपे घेऊन वीतभर उकरले. वर बोटाच्या पेराइतका ओलावा आणि खाली नुसती धूळ! कोरडी, भुरभुरीत, चुलीतल्या राखेसारखी. तीन वर्षे मावशी पाणी घालत होती आणि उन्हाळाभर त्यातले बहुतेक पायवाटेने पळून जात होते. तिने ती धूळ मुठीत घेतली. “म्हणजे मी इतके दिवस कुणाला पाणी घालत होते रे?” ती म्हणाली.

रात्री मावसभावापुढे ही हकीकत ठेवली. तो रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे त्याच्या घरी प्रश्न विचारायचा म्हणजे तासाची तयारी ठेवावी लागते! पण त्या रात्री त्याने सोपे करून सांगितले. “अळूच्या पानावर पाणी कसे राहते?” तो म्हणाला. “मोत्यासारखे. पानाला मेणाचा लेप असतो म्हणून. तसाच लेप मातीच्या कणांना बसतो.” पाने कुजतात, बुरशी वाढते आणि त्यांतली मेणचट द्रव्ये बारीक वाळूच्या कणांवर चढतात. निलगिरीसारख्या तेलकट पानांखाली हे अधिक. जमीन ओली असते तोवर फारसे जाणवत नाही. पण उन्हात एकदा पुरती वाळली, की पाण्याला आत शिरू देत नाही. त्यात पाचोळा जाळला की आणखी भर. उष्णतेने मेणाची वाफ होते, खालच्या थंड थरात उतरते आणि तिथल्या कणांवर बसते. जमिनीच्या पोटात जणू मेणकापड अंथरलेले!

मला बागेचा तो कोपरा आठवला. मागे निलगिरीची रांग, आणि झाडलेला पाला पेटवायची जागा बकुळीपासून दहा पावलांवर.

ही काही गोंदियाचीच गंमत नव्हे. कॅलिफोर्नियातल्या न भिजणाऱ्या मातीविषयी अमेरिकन रसायनतज्ज्ञ श्राइनर आणि शोरी यांनी १९१० सालीच लिहून ठेवले आहे, आणि १९६८ साली तिथल्याच रिव्हरसाइडला या एका विषयावर विद्वानांची परिषद भरली. गोल्फच्या हिरवळीवर मधेच वाळके चट्टे पडतात, त्यांच्यामागेही बहुधा हेच कारण निघते. पारख करायची रीत तर घरगुती आहे. कोरड्या मातीवर पाण्याचा थेंब सोडायचा आणि आकडे मोजायचे. पाच सेकंदांत जिरला तर ठीक. तसाच बसून राहिला तर माती रुसलेली आहे असे समजावे.

“उपाय?” मी विचारले.

“सौम्य साबणाचे थोडे पाणी.”

“बकुळीला साबण?” मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली. “तिला काय अभ्यंगस्नान घालायचंय?”

साबण बारगळला. दुसरा उपाय दोन दिवसांनी, नवेगावबांधच्या वाटेवर सापडला. जिल्ह्यात येऊन तो तलाव न बघता परतणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न बघण्यासारखे. कोहमाऱ्यावरून एस. टी. वळली आणि डोंगरांच्या कुशीत ते अफाट पाणी दिसले. कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला असे सांगतात. कोहळी ही तलाव बांधणाऱ्यांची जमात. पुढे त्यांचे आणि इतर मालगुजारांचे शेकडो तलाव मालगुजारी संपल्यावर, १९५० नंतर, सरकारकडे आले, आणि ‘माजी मालगुजारी’चे लोकांनी लाडके ‘मामा तलाव’ करून टाकले. नाव गोड, पण पुष्कळ मामा आता गाळाने भरले आहेत.

वाटेतल्या एका गावात अशाच एका तलावाचा गाळ काढणे चालू होते आणि शेतकरी ट्रॅक्टर भरभरून तो नेत होते. इथला शेतकरी मातीला नावानिशी ओळखतो: कन्हार, मोरांड, सिहार, बरडी. कन्हार काळी आणि चिवट, बरडी हलकी आणि रेताड. “बरडीवर गाळ टाकला का पानी धरते जी,” एकजण म्हणाला. मावसभाऊ चालता चालता थबकला. ऑस्ट्रेलियातले शेतकरी न भिजणाऱ्या वाळूवर चिकणमाती पसरतात, हे त्याने वाचले होते. चिकणमातीचे कण इतके बारीक, की मेणाला झाकून टाकतात आणि पाण्याला धरायला जागा देतात. पुस्तकातला उपाय समोर ट्रॅक्टरमध्ये चढत होता!

दोन पोती गाळ मागून घेतला. एस. टी.च्या कंडक्टरने पोत्यांत काय आहे विचारले; “माती,” म्हटल्यावर आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही.

माळ्याने बुंध्याभोवतीची माती मुळांना धक्का न लावता हलकेच उकरली, गाळ फोडून तीत कालवला, काठीने भोके पाडली आणि रुंद आळे केले. पाणी एकदम न ओतता थोडे थोडे, थांबून थांबून घातले. पहिल्या दिवशी निम्मे पुन्हा पळाले. तिसऱ्या दिवशी आळ्यात उभे राहिलेले पाणी आमच्या डोळ्यांदेखत खाली गेले. मावशीने पदराने तोंड पुसले. घाम होता की आणखी काही, मी विचारले नाही.

मी परतलो. मृग लागला, रोवण्या झाल्या. श्रावणात मावशीचा फोन आला. बकुळीची एक फांदी वाळलीच, ती कापावी लागली. दुसरीवर बारकी पाने आली आहेत. माळ्याने त्या कोपऱ्यापुरता पाला जाळणे सोडून खड्ड्यात टाकायला सुरुवात केली आहे. पलीकडे मात्र धूर चालूच आहे. आणि मधे आठवडाभर उघडीप पडली तेव्हा मावशीने रोज थेंब सोडून पाहिला.

“एक म्हणेपर्यंत जिरतो रे,” ती म्हणाली. “आता असं कर, पुढच्या उन्हाळ्यात येशील तेव्हा चार रिकामी पोती घेऊन ये. निलगिरीजवळच्या जास्वंदीचीही तीच गत आहे.”