पडद्यावरचा पांडुरंग



गेल्या आषाढीला माझी वारी चुकली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. उजवा गुडघा धरला आणि डॉक्टरांनी दोन महिने चालणे बंद केले. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींचे प्रस्थान झाले, तेव्हा मी भिवंडीत, आमच्या यंत्रमाग कारखान्याच्या खोलीत ताक्यांची बिले करत होतो. दिंडी दिवेघाट चढत होती तेव्हा विणेकऱ्यांनी मुद्दाम फोन लावला. फोनमध्ये टाळ-मृदंग आणि भिंतीपलीकडे मागांची खटखट. फोन ठेवला, डोळे पुसले आणि समोर पाहिले. संगणकाच्या पडद्यावर हिरवी टेकडी, वर निळे आकाश, पांढरे ढग.

ही टेकडी तुमच्यापैकी अनेकांनी बँकेत किंवा सायबर कॅफेत पाहिली असेल. २००१ साली विंडोज एक्सपी आले, त्याच्याबरोबर ती घरोघर पोहोचली. पुष्कळांना ते काढलेले चित्र वाटते, पण तो खरा फोटो आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकाराने १९९६ च्या जानेवारीत तो काढला. तो मुलूख द्राक्षांचा. कीड लागल्यामुळे तिथल्या वेली उपटल्या होत्या, म्हणून टेकडीवर नुसते हिरवे गवत होते. पुढे तिथे पुन्हा वेली लावल्या गेल्या. म्हणजे जे रूप आम्ही इतकी वर्षे रोज पाहिले, ते त्या जागेवरसुद्धा टिकले नाही. मनात आले, दिवसातले आठ तास पाहायचेच आहे, तर मग पांडुरंगालाच का पाहू नये?

पण हा संगणक माझ्या एकट्याचा नाही. रात्रपाळीचे मुकादम चाचा त्याच पडद्यावर कोणत्या मागावर किती ताके निघाले ते नोंदवतात. १९८४ ची भिवंडीची दंगल आम्ही दोघांनी तरुणपणी पाहिलेली आहे. कोणाच्या नजरेला काय सोसते हे विचारून घ्यायची सवय तेव्हापासून लागली. मी विचारले, "चाचा, पडद्यावर विठ्ठलाचा फोटो लावला तर चालेल का तुम्हाला?" चाचा हसले. "मेहताजी, पूछते क्यों हो? आपका भी तो पड़दा है."

घरच्या देव्हाऱ्यातल्या तसबिरीचा मोबाईलवर फोटो काढला आणि पेन ड्राइव्हमधून संगणकावर घेतला. मोबाईल उभा धरला होता आणि पडदा आडवा. संगणकाने उभा फोटो ओढून ताणून पडदाभर बसवला आणि आमचा सावळा आडवा पसरला. ते पाहून हसू आले आणि लाजही वाटली. मग मोबाईल आडवा धरून फोटो काढला. रूप नीट बसले, पण संगणक बसला! टॅली उघडायला एरवीच्या तिप्पट वेळ लागू लागला. चलनासाठी टेम्पोवाले दारात खोळंबले. शेठ दोनदा डोकावून गेले.

शेवटी कल्याण नाक्यावरून दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावले. तो म्हणाला, "काका, फोटो फार मोठा आहे." मी म्हटले, "अरे, पेन ड्राइव्हमध्ये तर एवढासा दिसतो." त्याने कागदावर हिशेब मांडला. हिशेब म्हटल्यावर मला लगेच समजले. मोबाईलचा फोटो ४,००० ठिपके रुंद आणि ३,००० ठिपके उंच, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. साठवताना तो दाबून घडी घालून ठेवतात, पण पडद्यावर मांडायला घडी उलगडावी लागते. प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट धरले तर ३ कोटी ६० लाख बाइट होतात. आमच्या यंत्राची स्मृती सारी २५६ एमबी, त्यातच विंडोज, त्यातच टॅली. आणि पडद्यावर ठिपके मावतात किती? आडवे १,०२४ आणि उभे ७६८, म्हणजे पावणेआठ लाखांच्या आसपास. पडद्याचा पन्हा एवढाच. त्याहून जास्त कापड विणले तरी दिसणार कुठे?

त्याने पेंट नावाच्या साध्या प्रोग्रॅममध्ये फोटो उघडला, रुंदी २५ टक्के केली, उंची २५ टक्के केली. फोटो १,००० बाय ७५० झाला. भार सोळाव्या हिश्शावर आला आणि दिसण्यात तिळभर फरक पडला नाही. तोच विटेवरचा समचरण, तेच कर कटेवर.

मला नरहरी सोनारांची कथा आठवली. विठोबाच्या कमरेचा करगोटा घडवायला घेतला. मापाने केलेला एकदा सैल झाला, एकदा तोकडा पडला. देव काही मापात सापडला नाही. इथे तर मीच देवाला मापात बसवून घेत होतो. मग विचार केला, देव लहान झालाच नाही. पात्र माझे लहान आहे, आणि त्या पात्रात मावेल एवढा होऊन तो आला. सगुण रूपाची कृपा म्हणतात ती याहून वेगळी काय असेल?

जाण्यापूर्वी मुलगा म्हणाला, "काका, थोडी सजावट काढू का? यंत्र मोकळे होईल." खिडक्यांच्या सावल्या, सरकत उघडणाऱ्या यादया, निळी गुळगुळीत पट्टी, असे बरेच काही तिथे होते. एका ठिकाणी खूण केली की सगळे एकदम उतरते. पडदा जुन्या विंडोजसारखा राखाडी, चौकोनी झाला. आमच्या भिवंडीच्या कोऱ्या ग्रे कापडासारखा. पण टॅली चटकन उघडू लागले. त्या साध्या चौकटीत पांडुरंग अधिकच उठून दिसला. त्याच्या हातांत तरी कुठे शस्त्र आहे?

एवढ्यावर हा लेख संपला असता. खरी गोष्ट पुढे आहे.

दोन आठवडे गेले. पडद्यावर फाईली ठेवायची माझी सवय जुनी. एक इथे, एक तिथे. 'बिल बाकी' पांडुरंगाच्या खांद्यावर, 'जीएसटी' छातीवर, 'उधारी' थेट डोळ्यांवर. मी रोज सकाळी संगणक सुरू करून हात जोडत होतो. कोणाला जोडत होतो? डोळ्यांपुढे उधारीच होती. मला ते दिसलेही नाही.

आषाढी एकादशीला सकाळी आलो. संगणक सुरू केला आणि थबकलो. सगळ्या फाईली डाव्या कडेला, ओळीने लावलेल्या. मुख मोकळे, छाती मोकळी. फक्त एक फाईल पायांपाशी राहिली होती. तिचे नाव होते 'नंतर'.

रात्रपाळी संपवून चाचा चहा घेत बसले होते. म्हणाले, "आज तुमचा मोठा दिवस ना? चेहऱ्यावर कागद बरे दिसत नव्हते, म्हणून बाजूला केले. पण मेहताजी, ही एक फाईल कुठे ठेवू ते समजले नाही."

त्यांना समजले नाही असे नव्हते. त्या फाईलीत तीन कारीगरांचे अर्ज होते. दिवाळीच्या आधी त्यांच्या ताक्यांत दोष निघाला म्हणून मजुरीतून कपात झाली होती. त्यांचे म्हणणे, दोष बीममध्येच होता, विणण्यात नव्हता. बीमची नोंद काढून ताडून पाहायची, एवढेच काम होते. चाचांनी मला दोनदा आठवण केली होती. दोन्ही वेळा मी 'नंतर बघू' म्हटले आणि फाईलीला तेच नाव दिले. त्यातला एक जण दरम्यान मुलखाला निघून गेला होता.

त्या दिवशी उपवास होता. सकाळी हरिपाठ झाला होता. कपाळी बुक्का होता. आणि आठ महिने दुसऱ्याच्या घामाचे पैसे माझ्या आळसाखाली दबलेले होते. पंढरपूर गाठता आले नाही म्हणून मी महिनाभर हळहळत होतो. पंढरीनाथ टेबलावर येऊन उभा राहिला, तर त्याच्या पायांपाशी मी हे ठेवले होते.

बीमची वही काढली. दोन तास लागले. तिघांचेही बरोबर होते, तिन्ही ताके एकाच बीमचे. शेठना सांगितले, "चूक माझी आहे, मी वेळेवर पाहिले नाही." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि सही केली. दोघांना त्याच संध्याकाळी पैसे दिले. तिसऱ्याचे चाचांनी गावी पाठवले. त्याचा फोन आला तेव्हा तो रागावला नाही, उलट आभार मानू लागला. तेच मला सर्वांत जड गेले.

माउली, मी ज्ञानी नाही, मेहता आहे. मला एवढेच कळले की रूप बसवणे अवघड नाही. एखादा मुलगा अर्ध्या तासात बसवून देतो. त्या रूपावर आपण रोज काय काय ठेवतो ते पाहणे अवघड आहे. ते मला दिसले नाही, चाचांना दिसले. त्यांनी माझ्या देवाचे मुख मोकळे केले आणि ते करताना मला एका शब्दानेही खाली पाहायला लावले नाही.

कार्तिकीला गुडघ्याने साथ दिली आणि पंढरीला जाऊन आलो. चाचांसाठी चुरमुऱ्यांचा प्रसाद आणला. पडद्यावर अजून तोच फोटो आहे. घरी निघताना फाईली कडेला लावतो. 'नंतर' नावाची फाईल पुन्हा केलेली नाही.

रामकृष्णहरी.